चिंचेचा गोळा

शरण्या चेन्नईहून आईला रोज सकाळी एक व्हिडिओ पाठवते. त्यात कोट घातलेला कोणीतरी माणूस हातवारे करत सांगत असतो, की छोटा धंदा चालवणाऱ्याला पहाटे उठायला मनात एक मोठं ध्येय लागतं. राजेश्वरी तो अर्धा बघते, बंद करते आणि पोरीला वाईट वाटू नये म्हणून अंगठा पाठवून देते. ध्येय-बिय तिला ठाऊक नाही. तिला पहाटे साडेचारला उठवायला एक दीर आहे, आणि तो पुरतो.

दीर म्हणजे तुकोजीराव, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कुंभेश्वराच्या देवळामागच्या गल्लीत दोघांची दुकानं समोरासमोर आहेत. दोन्हीकडे लग्नामुंजीला पितळेची भांडी भाड्याने मिळतात. समोरच्या दुकानावरची पाटी साठ वर्षांची, तिच्या दुकानावरची नऊ. या नऊ वर्षांत एकदाही तिचं शटर त्यांच्यानंतर उघडलेलं नाही. बरोबर साडेपाचला ते खडखडत वर जातं. ती त्याला तेल घालू देत नाही. समोर वरच्या मजल्यावर जो माणूस झोपलेला असतो त्याची झोप मोडलीच पाहिजे, नाहीतर एवढ्या पहाटे यायचं तरी कशाला?

एवढा दात कशाबद्दल, ते आधी सांगितलेलं बरं.

समोरचं दुकान एके काळी दोन्ही भावांचं होतं. धाकटा व्यंकोजी, म्हणजे राजेश्वरीचा नवरा, गेला त्याला चौथा महिना चालू होता. साक्कोट्टैच्या मंडपात एक लग्न होतं आणि भांडी पोचवायला ती गेली होती. चुलीवर चढणाऱ्या पहिल्या हंड्याला ओल्या हळदीची पाच बोटं ओढायची, ही त्यांच्या दुकानाची रीत. बारा वर्षं ती बोटं तिचीच होती. हात सवयीने गेला आणि हंड्यावर पाच पिवळ्या रेघा उमटल्या. तुकोजीराव तरातरा आले, हंडा तिच्या हातातून काढून घेतला आणि गड्याला म्हणाले, "चिंच लावून परत घासून आण. हिचा हात लागला."

घरात ही माणसं मराठी बोलतात, तीनशे वर्षांपूर्वी गाठोड्यात बांधून आणलेली. उंबऱ्याबाहेर तमिळ. भावजयीला झापायचंच होतं तर मराठीत झापता आलं असतं, मंडपात कोणाला एक अक्षर कळलं नसतं. तुकोजीराव ते तमिळमध्ये बोलले. आचाऱ्याने ऐकलं, नवरीच्या मावशांनी ऐकलं, पायरीवर नादस्वरम जुळवत बसलेल्या वाजंत्र्यांनीसुद्धा ऐकलं. गडी मेला इमानदार होता. त्याने हंडा बाहेरून घासला, काठ घासला, बूड घासलं, आणि राजेश्वरी तिथेच उभी राहून बघत राहिली. नवऱ्यामागे तीन महिने रडणारी बाई त्या दिवशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाटल्या विकल्या आणि सहा हंडे घेऊन समोरचा गाळा धरला.

धंदा कसा करावा हे तिला कोणी शिकवलं नाही. तुकोजीराव करतील त्याच्या उलट करायचं, एवढंच तिचं शास्त्र. ते भांडी लग्नाच्या सकाळी पाठवत, ती आदल्या दुपारी पोचवायची. ते वर्षातून एकदा कल्हई लावत, ती दोन महिन्यांनी. पोचा आला की ते गिऱ्हाइकाशी वाद घालत बसत, ती हातोडी घेऊन तो ठोकून काढायची आणि वर विचारायची, जेवण चांगलं झालं ना? त्यांच्या भांड्यांवर एक अक्षर होतं. तिने प्रत्येक हंड्यावर आपलं अख्खं नाव कोरून घेतलं, तमिळ अक्षरात, वीतभर मोठं. कोरणारा म्हणाला, "अम्मा, एवढं कशाला?" ती म्हणाली, "रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे."

आणि वाचता येतच होतं. पाच वर्षांत तिरुवलंचुळीपासून साक्कोट्टैपर्यंतचे आचारी तिच्याकडे वळले. समोर धूळ वाढत गेली. तुकोजीराव नाकावर चष्मा ठेवून पेपर वाचत बसत, आणि तिचा टेम्पो भरताना मुरली ड्रायव्हर हंड्यावर हंडा आपटायचा. तो आवाज तिला फार आवडे. पितळ मऊ असतं, आपटू नये, हे तिला कळत होतं, पण ती त्याला कधी रागावली नाही.

मग फाल्गुनात एका सकाळी तुकोजीराव काठी टेकत रस्ता ओलांडून आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दुकानातल्या स्टुलावर बसले, गळ्याचा घाम पुसला आणि घरच्या भाषेत म्हणाले, "राजेश्वरी, मी दुकान बंद करतों. बुधवारीं साक्कोट्टैचं लगीन अहे, तें शेवटचं. मग मरुदानल्लूरच्या मठांत जाऊन बसणार. भजन ऐकेन, प्रसाद खाईन. अस्की, सगळं सगळं पुरें झालं मज."

या दिवसाची तिने हजार वेळा उजळणी केली होती. ती दाराशी उभी, समोरची पाटी उतरतेय, आणि तिच्या पोटात गार गार होतंय. प्रत्यक्षात तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तुकोजीराव खूश दिसत होते. गाल वर आले होते. शटरच्या खडखडाटात नऊ वर्षं पडलेला माणूस, आणि चेहरा असा की आठ तास झोपून उठलाय. हा हरला नव्हता, हा सुटला होता. आता टाळ घेऊन बसणार, देवाचं नाव घेणार आणि एक दिवस सरळ वर जाणार. आणि वर कोणी काही विचारणार नाही!

"माझे थोर हंडे भंगारवाला गेल्या आठवड्यांत घेऊन गेला," तुकोजीराव पुढे म्हणाले. "बुधवारास दोन हंडे देशील कां? आणि आणिक एक. कळत नकळत कांहीं चुकलं असेल माझं, तर मनांत ठेवूं नकों."

"काय चुकलं, भावोजी?" तिने विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. पंख्याकडे बघितलं, काठीची मूठ फिरवली. "असं एक सांगायला येत नाहीं. चार भांडीं एका ठायीं अहेत म्हणजे लागतातच कीं."

त्यांना आठवत नव्हतं. सोंग असतं तर तिला कळलं असतं; बारा वर्षं एका दुकानात काढली होती. ज्या वाक्यावर तिने नऊ वर्षं दिवस उभे केले, ते वाक्य हा माणूस साक्कोट्टैच्या मंडपातच टाकून आला होता, पत्रावळ टाकावी तसं.

"देतें," ती म्हणाली. "मीच घेऊन येतें."

रात्रीच्या जेवणाआधी शरण्याचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अम्मा, सोडून दे अत्ता. पेरियप्पा म्हातारे झाले." थोरल्या काकांना ती तमिळमध्येच हाक मारायची.

"मीही झालें कीं," राजेश्वरी म्हणाली. फोन ठेवून तिने जुनी, काळी पडलेली चिंच भिजत घातली. सकाळी त्यातले चिंचोके एकेक करून काढले, मोसंबीएवढा गोळा वळला आणि स्टीलच्या डब्यात भरला.

बुधवारी मंडप तोच, चुलाण तेच, पायरीसुद्धा तीच. वाजंत्री फक्त नवे. मुरलीने दोन्ही हंडे उतरवून चुलाणापाशी ठेवले. हंड्यांवरचं नाव उन्हात असं चमकत होतं की नवरीची आत्या थांबून मोठ्याने वाचून गेली. राजेश्वरीने वाटीतली हळद घेतली आणि पहिल्या हंड्यावर पाच बोटं ओढली. सावकाश, तुकोजीरावांच्या डोळ्यांदेखत.

तुकोजीरावांनी ते बघितलं. कुरकुरले नाहीत, मान फिरवली नाही. सरळ हंड्याच्या काठाला हात घालून गड्याला म्हणाले, "धर रे, चढवू."

हे तर तिला सगळ्यात जास्त झोंबलं. तेव्हा ज्या विधवेच्या हाताने विटाळ झाला होता, त्याचं आज काहीच नाही? मग तेव्हा काय होतं? तिने हंड्याच्या काठावर तळहात ठेवला आणि खणखणीत तमिळमध्ये म्हणाली, "थांबा. माझा हात लागलाय. घासल्याशिवाय चुलीवर कसा जाईल?"

तुकोजीराव हळूच, मराठीत म्हणाले, "हें काय, राजेश्वरी? लोक अहेत."

"त्या दिवशीही होते," ती तमिळमध्येच म्हणाली, आणि डबा उघडून पुढे धरला.

तुकोजीरावांनी चिंचेच्या गोळ्याकडे बघितलं. मग तिच्या बोटांकडे, मग चुलाणाकडे. आणि तिला दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं, की आता आठवलं. गाल खाली आले.

"गड्याला सांगतों," ते शेवटी पुटपुटले.

"गडी कामात आहे. नियम तुमचा, तेव्हा हातही तुमचाच."

आचारी चंद्रमौली घायकुतीला आला होता. आठाच्या ठोक्याला वऱ्हाडाला नाश्ता लागायचा होता आणि अजून पाण्याला आधण नव्हतं. "राव, घासायचा तर घासा, नाहीतर दुसरा चढवा!" तो ओरडला. दुसरा चढवता येत नव्हता. तो पालथा घालून राजेश्वरी त्यावर बसली होती.

चाळीस वर्षं या मंडपात ज्याच्या शब्दाला मान होता तो माणूस नेसूच्या वेष्टीचा काचा मारून नळाखाली उकिडवा बसला. हंडा फिरवत घासू लागला. नावाशी आला तेव्हा अडला. कोरलेल्या अक्षरांत चिंच भरून बसते, कापडाने निघत नाही, अंगठा घालून काढावी लागते. तुकोजीरावांनी 'रा'पासून सुरुवात केली आणि एकेक अक्षर अंगठ्याने साफ केलं. या नवरीच्याही मावशा बघत होत्या. वाजंत्री बघत होते. कोणीतरी मोबाईल काढला, तो मुरलीने हाताने खाली केला.

दया आली नाही असं नाही. घासताना त्यांचं कोपर बाहेरच्या बाजूला निघत होतं, व्यंकोजीचं निघायचं तसंच. पण तिने दयेला दारातूनच परत पाठवलं. तिला आनंद होत होता आणि तो तिला पुरा हवा होता.

"बूड राहिलं," ती म्हणाली.

त्यांनी बूड घासलं. मग उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि हंडा तिच्या पुढ्यात आणून आदळला. "झालं?" त्यांनी विचारलं. तेही आता तमिळमध्ये.

"झालं." तिने परत हळद घेतली, धुतलेल्या हंड्यावर पाच बोटं ओढली, आणि तो तसाच, तिचा हात अंगावर घेऊन, चुलीवर चढला. तुकोजीरावांनी तिच्याकडे एकदाच बघितलं. भजनाला निघालेल्या माणसाचे डोळे असे नसतात, पण ते त्या वेळी तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीला साडेसहाला जाग आली. गजर झाला होता, तिनेच बंद केला असणार. आढ्याकडे बघत ती पडून राहिली. उट्टं निघालं होतं, चांगलं घासूनपुसून निघालं होतं, आणि उठायला काही कारणच सापडत नव्हतं. शरण्याचा व्हिडिओ आला. आज तिने तो पुरा बघितला. कोटवाला म्हणाला, स्वतःला विचारा, तुम्ही हे कशासाठी करता? तिने विचारलं. मग ती उठून अंघोळीला गेली.

निघताना तिने पिशवीत तेलाची बाटली टाकली. समोरचा वरचा मजला आता रिकामा. शटरला तेल घालायला हरकत नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा सात वाजून गेले होते. समोरचं शटर सताड उघडं होतं. भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा होता आणि त्यातून तुकोजीरावांचे दोन थोर हंडे परत खाली उतरत होते. तुकोजीराव स्वतः पायरीवर वेष्टी खोचून बसले होते. पुढ्यात पाण्याची बादली, शेजारी चिंच, आणि मांडीवरची परात अशी घासत होते की हाताला वय नसावं. काठी कुठेच दिसत नव्हती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. भंगारवाल्याला म्हणाले, तमिळमध्ये, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "काही बायकांना हल्ली सातला जाग येते. कसला धंदा करणार!"

राजेश्वरीच्या कानांतून वाफ निघाली. सगळं अंग एकदम जागं झालं. तेलाची बाटली तिने पिशवीतून बाहेरच काढली नाही. शटर दणक्यात वर केलं, आणि दाराशी उभं राहूनच मोबाईलमधला साडेचारचा गजर चारवर आणला.