पिवळी ढाल

सोलवाली सून घरात आली आणि दुकानाच्या कॉम्प्युटरला धाप लागली, हे सासू मा बुन-रेच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दक्षिण कोरियातल्या थोंगयंग बंदराच्या बाजारात सुक्या मांदेलीचं तिचं दुकान. छुसकचा सण तोंडावर आलेला, भेटीच्या खोक्यांच्या ऑर्डरी आत अडकलेल्या, आणि पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत होतं. सकाळी यंत्र चालू करून जवाचा चहा उकळावा, प्यावा, कप विसळावा, तरी ते आपलं जागं होतंय.

सून सो-दाम तशी वागायला गरीब. पण गरीब गायच लाथ मारते, असं बुन-रेचं मत होतं. बाजारातल्या एका शेजारणीला फोनवर कुणी सरकारी वकील म्हणून गंडवलं होतं, तेव्हापासून बुन-रेचा सावलीवरही विश्वास नव्हता. बँकेचे व्यवहार उघडायला लागणारा दाखला असलेला पेनड्राइव्ह ती गळ्यात दोरीला बांधून फिरायची. अंघोळीलासुद्धा तो दाराच्या खुंटीवर, डोळ्यांसमोर. पासवर्ड टाकायची वेळ आली की सुनेला फर्मान सुटायचं, "सोलवाले, तिकडे बघ." मग सो-दाम मांदेलीच्या खोक्यांकडे तोंड करून उभी राहायची.

सणानंतर दुकान सुनेच्या हाती द्यायचं ठरलं होतं. मुलगा ग्यू-तेक गोजे बेटावरच्या गोदीत कामाला. त्याला मासळीत रस नाही. सून मात्र राजधानीतली, सोलची नोकरी सोडून आली होती. दुकानासाठी की दुकानातल्या पैशासाठी, हे बुन-रेला अजून उमगलं नव्हतं.

आणि परवा मनात पाल चुकचुकली. पडद्याच्या कोपऱ्यात नवऱ्याच्या वेळची, व्हायरस अडवणारी पिवळी ढाल होती, तिच्या शेजारी एक निळी ढाल उगवली होती.

"हे काय गं?"

"काही नाही, आई." सो-दामने पटकन दुसरंच काहीतरी उघडलं.

काही नाही! काही नसतं तर कान कशाला लाल झाले? आज सो-दाम मासळीच्या लिलावाला बंदरावर गेली तशी बुन-रेने मुलाला फोन लावला. "तुझ्या बायकोने माझ्या कॉम्प्युटरात काहीतरी कोंबलंय. माझ्यावर पाळत ठेवतेय. दुकानाचं आपण ठरवलं होतं ते राहू दे." मुलगा काही बोलायच्या आत फोन बंद. मग तिने दुरुस्तीवाल्या जेगालला बोलावलं. चोर पकडायचा तर पंच हवा.

जेगाल आला, स्टुलावर बसला आणि थोड्याच वेळात हसायला लागला.

"मावशी, हे दुकान आहे की पोलीस चौकी?"

"म्हणजे?"

"बँकांचे रखवालदार प्रोग्रॅम, टॅक्सवाल्यांचा रखवालदार, विम्याचा, कार्डाचा. त्यातल्या दोन बँका तर तुम्ही कधीच सोडल्यात, त्यांचे पहारेकरी अजून जेवून-खाऊन इथेच."

"बसवल्याशिवाय बँकवाले त्यांच्या साइटवर आत सोडत नाहीत!"

"आम्हालाही नाही सोडत. पण काम झालं की आम्ही त्यांना घरी पाठवतो. तुम्ही सगळे पाळलेत."

बुन-रेला ते पटलं नाही. सुरक्षा म्हणून जे जे समोर आलं त्याला तिने हो म्हटलं होतं. रखवालदार जास्त झाले म्हणून कुणाचं घर लुटलं गेलं आहे का कधी? तिने बोट निळ्या ढालीवर रोवलं. "त्यांचं राहू दे. ही बघ. ही चोर आहे."

"चोर?" जेगालने तिच्याकडे वळून पाहिलं. "अहो, ही मीच दिली. तुमची सून आली होती. म्हणाली, सासऱ्यांच्या पिवळ्या ढालीची मुदत केव्हाच संपलीय, रोज लाल अक्षरं येतात, आईंचे बँकेचे व्यवहार उघड्यावर पडलेत. मी म्हटलं, जुनी काढून टाका, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघी एकमेकींनाच चोर समजून दिवसभर झडत्या घेत बसतात, यंत्राला काम करायला उसंत कुठली? तर म्हणाली, ती काढा असं आईंना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

नवरा रोज दुकान बंद करताना त्या पिवळ्या ढालीवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "चला, कड्या लागल्या." तो गेल्यावर ती टिचकी बुन-रे मारत आली होती. लाल अक्षरं तिलाही दिसत होती. सून जे पाहून घाबरली, ते पाहून ती रोज पडदा बंद करत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काढ ती," ती म्हणाली.

"निळी?"

"पिवळी."

यंत्राने विचारलं, खरंच काढायची? जेगालने माऊस तिच्यापुढे सरकवला. बुन-रेने हो दाबलं. मग जुन्या बँकांचे पहारेकरी जेगालने एकेक करून हाकलले.

यंत्र पुन्हा चालू झालं तेव्हा चहाच्या पाण्याला आधणही आलं नव्हतं. जेगाल चहा न घेताच निघून गेला, आणि तेवढ्यात सो-दाम दारात आली. पायात रबरी बूट, हातात फोन, डोळे सुजलेले. म्हणजे ग्यू-तेकने विचारलं होतं.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "एवढ्या ऑर्डरी करून देते. मग मी सोलला जाते."

बुन-रेने गळ्यातली दोरी काढून पेनड्राइव्ह यंत्राला लावला. पडद्यावर पासवर्डाची चौकट झटकन उघडली. आणि कुणी काही म्हणायच्या आत सो-दाम सवयीने वळली आणि मांदेलीच्या खोक्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"इकडे बघ," बुन-रे म्हणाली. "तूच टाक. मी सांगते."

सो-दाम वळली नाही. तिचे खांदे हलत होते.

"सोलवाले..." बुन-रेने जीभ चावली. मग घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिने सुनेला नावाने हाक मारली.