दुकानातले बूट

दुकानवाल्या दार्याचा फोन आला, "मावशी, तुमचा म्हातारा इथं बूट बघतोय," तेव्हा मी मासे शिजवत होते. पातेलं तसंच खाली उतरवलं नि निघाले. अंगाची नुसती लाही लाही होत होती.

आमच्या गावात नवऱ्याच्या पायात बायकोनं शिवलेले बूट असतात. रेनडिअरच्या पायाचं केसाळ कातडं आणि त्याच्याच स्नायूच्या तातीचा दोरा. दुकानातले बूट घालतो तो विधुर, नाहीतर ज्याच्या बायकोनं हात टेकलेत असा. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्याला मी ब्योतुरला नवे बूट शिवलेत. आणि हा बाबा माझी अब्रू चव्हाट्यावर मांडून बसला होता.

स्टुलावर होता, एक पाय कारखान्याच्या बुटात. मी तोंडाचा पट्टा सोडला. माझे बूट टोचायला लागले का, की म्हातारी निकामी झाली म्हणून गावभर सांगायचंय? त्यानं दुसराही बूट जवळ ओढला. असं केलं की माझं डोकं जास्तच फिरतं.

बरं, निवड तरी धड करावी. बोटं हलतायत का, विचारलं, तर हलतात म्हणाला. मी बूट वरून दाबून पाहिला. गच्च बसलेला. घट्ट बुटात पाय आधी गारठतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आत दोन जाड लोकरी मोजे मावायला हवेत, आणि ह्यानं घातला होता एकच, तोही पातळ. मोजा काढ म्हटलं, तर नको म्हणाला. मग मीच खाली बसले नि बूट-मोजा दोन्ही ओढून काढले.

अंगठा काळा पडला होता. मी चिमटा घेतला, त्याला पत्ता नाही. बूट घट्ट आहे हे त्याला कळणार तरी कसं?

"कधीपासून?"

"थंडी वाढल्यापासून दुखत होता. आता दुखतही नाही," तो म्हणाला. "तुझ्या बुटाची शिवण सुटलीय. आत बर्फ जातो."

या हिवाळ्यात बुटांवरचा बर्फ तोच झटकायचा, पडवीत तोच टांगायचा, मला हात लावू द्यायचा नाही. झोपतानाही मोजे. मला वाटलं, उतारवयात शहाणा झाला. आणि त्याच बुटांत रोज गोठलेल्या लेना नदीवर जात होता, बर्फाखालची जाळी बघायला.

"सांगायला काय धाड भरली होती?"

"तुला दिसेनासं झालंय, हे तुझ्या तोंडावर कसं सांगू, म्हातारे?"

असा संताप आला की तोच बूट त्याच्या डोक्यात घालावा. जन्मभर माझ्याशी भांडला, आणि दया दाखवायला ही वेळ सापडली. एका वाक्यापायी अंगठा घालवायला निघाला होता. मी दार्याला दोन मापं मोठे, आत लोकर असलेले काढायला लावले. जाड मोज्यांवर चढवले, बोटांपुढची जागा चाचपली, आणि इथून सरळ दवाखान्यात जायचं म्हणून बजावलं. तो जुने बूट काखेत मारायला लागला. मी हिसकावून कोपऱ्यात फेकले.

मग खाली लक्ष गेलं. माझ्या पायातलेही मीच शिवलेले, याच वर्षी. उजवी करंगळी सकाळपासून बधिर होती, आणि मी वयाला शिव्या घालत होते.

मी स्टुलावर बसले.

"दार्या," म्हटलं, "माझ्या मापाचेही काढ."