सायकलींच्या शीटमधला एफ

ए : नाव
तीन माउंटन बाइक्स. श्यामनं कंपन्या लिहिल्याच नाहीत, रंग लिहिलेत. काळी, शेवाळी, नारिंगी. मानेसरच्या ऑफिसातून मला शीट मेल करतो, "हेमांगी, तू नोएडात दिवसभर लोकांच्या शीट तपासतेस. माझ्याही चुका काढ."

बी : वजन
१४.६, १३.१, १२.४ किलो.
"दोन किलोंनी काय होतं रे?"
"चढावर कळतं."
"दिल्लीत चढ कुठाय?"
"हिंदूरावच्या टेकडीला आहे की. आणि आपले तीन जिने. गार्ड लिफ्टमध्ये सायकल घेऊ देईल?"

सी : रीच
हँडलपर्यंत किती वाकायचं. श्यामच्या पाठीचे मणके एकमेकांना चिकटत चाललेत. औषधानं वेग कमी होतो, चिकटलेलं सुटत नाही. ४५५ आणि ४४० मिलिमीटरचे रकाने लाल. ४२५चा हिरवा. नारिंगी.

डी : स्टॅक
हँडल किती उंच. नारिंगी.
दुकानदार म्हणाला, "सर, ये तो आपके लिए ही बनी है."
श्याम घरी येईपर्यंत हसत होता. कॅबमधून. गेल्या वर्षापासून कार मीच चालवते. त्याला ट्रॅफिकचा कंटाळा येतो.

ई : हेड अँगल
पुढचं चाक धरणारा फोर्क किती तिरका. अंश कमी तर सायकल स्थिर, जास्त तर चपळ. ६५, ६६, ६७.५.

जी : हँडलिंग
रिकामा. चालवल्याशिवाय भरायचा नाही, असा त्याचा नियम.
शनिवारी दुकानाची नारिंगी चालवून बघायला कारमागे टांगून रिजच्या टेकडीवर नेली. माकडं, धुकं, फिरायला आलेले लोक. श्याम ताठ बसून निघाला. लग्नाआधी पुण्यात टेकड्यांवर निघायचा, तसा.
"कशी आहे?"
"नुसतं मनात आणलं की वळते गं!"
तेवढ्यात मागून स्कूटर आली.
"श्याम, मागे बघ!"
तो बघायला गेला. मान वळली नाही. खांदे वळले, मग हात, मग हँडल, आणि सगळा श्याम स्कूटरच्या समोर.
ब्रेक.
"मरना है क्या, अंकल?"
श्यामनं पाय टेकला. हँडल डावी-उजवीकडे हलवून बघितलं.
"हँडल जरा जास्तच चपळ आहे," तो म्हणाला. "शेवाळी बघू. ६६ स्थिर असेल."
"बिल्कुल," मी म्हणाले.

रात्री जी भरायला बसले. ए, बी, सी, डी, ई, जी.
ईनंतर जी.
मधला कॉलम लपवलेला. ऑफिसात असं दिसलं की मी आधी तेच उघडते. उघडलं.

एफ : मान
सायकलींच्या ओळींत काही नाही. खाली तारखा, दर सहा महिन्यांनी. मान किती अंश वळते.
४८
४१
३३
२६
१८
या डिसेंबरात ११.
त्याखाली त्यानं फॉर्म्युला ओढलाय. पुढच्या जूनमध्ये ४. पुढच्या डिसेंबरात उणे ३.

श्याम आतल्या खोलीत होता. मी हाक मारली नाही. मेल लिहिली.
"एकच चूक सापडली. शेवटच्या ओळीत उणे येतंय. मान शून्याखाली जात नाही. फॉर्म्युला शून्यावर थांबव."
आत त्याच्या फोनवर मेल आल्याचं वाजलं. खुर्ची हलली नाही. लाइटही बंद झाला नाही. मी एफ पुन्हा लपवला, मग उघडला, मग तसाच ठेवला.
वीस मिनिटांनी उत्तर आलं.
"थांबवला. शेवाळीचं काय?"