गोड्या पाण्याचा थेंब

दिनानाथ गुरुजींनी आणखी एक लाल कांदा चिरला, डोळे पुसले, सातवीतल्या ठमीनं भिजवून दिलेला त्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले. पुन्हा तेच. पुस्तकातल्या चित्रात पेशी काठोकाठ भरलेल्या. इथे प्रत्येक चौकटीत गुलाबी गोळा आक्रसून बसलेला, थंडीत अंग चोरलेल्या माणसासारखा.

"काचच धुरकट असणार," ते पुटपुटले. काच सकाळपासून पुसून पुसून त्यांच्या धोतराचा सोगा काळा झाला होता.

उद्या शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मिठागरातल्या पोरांना असलं यंत्र कशाला, असं ते अलिबागेत बोलले होते. धड काही दिसलं नाही, तर यंत्र खोक्यात घालून ते सोबतच नेणार होते.

गुरुजींनी ठमीची वही ओढली. तिथेही आक्रसलेले गोळे.

"ठमे, पुस्तकात असं आहे का?"

"दिसलं तसंच काढलं, गुर्जी."

"तीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं बुचाचा काप भिंगाखाली धरला. त्यालासुद्धा नीट कोठड्या दिसल्या. आपल्यालाच बरं वेगळं दिसतं."

"त्याच्या कोठड्यांत कोन होतं?"

"कोणी नव्हतं. बूच म्हणजे मेलेली साल..." गुरुजी थांबले. समोरचा कांदा काही मेलेला नव्हता; जिवंत पेशी पाणी घेते, सोडते. "पापुद्रा कुठल्या पाण्यात भिजवलास?"

"खाडीच्या."

"घागर समोर भरलेली असताना?"

"ती पिवाची हाय. भिजवाला-धुवाला गोडं पानी कोन सांडतं, गुर्जी?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. दिवसभराची चिडचिड जिभेवर आली होती. पण गावाचं पाणी होडीतून येतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं, एक थेंब काचेच्या कडेला सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून खारं पाणी शोषून घेतलं.

भिंगाखाली गुलाबी गोळा हळूहळू फुगला आणि भिंतीला जाऊन टेकला.

त्यांनी ठमीला जवळ ओढून ते दाखवलं. मग म्हणाले, "उद्या पापुद्रा खाडीच्याच पाण्यात घाल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"गुरुजी, हे बिघडलंय. पुस्तकात असं नाही."

"खाऱ्या पाण्यातलं आहे, साहेब. डोळा मात्र भिंगावरून काढू नका."

गुरुजींनी टिपकागद लावला आणि गोड्या पाण्याचा पेला ठमीपुढे धरला. तिनं जिवावर आल्यासारखा एकच थेंब सोडला.

साहेबांच्या चहावर साय धरली, तरी त्यांनी मान वर केली नाही. ठमी पेल्यात किती उरलंय ते बघत होती.