दिघोरीचा बोलणारा डबा

लक्ष्मणरावांच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवरच्या चौरंगावर एक मोठा लाकडी डबा मांडला होता. त्याला झेंडूच्या माळा, वर नारळ, पुढे उदबत्त्यांचा धूर. लाखांदूरकडून आलेली माणसं चपला हातात धरून उभी होती. बाया पोरं कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या. मेलेला माणूस बोलतो म्हटल्यावर घरी कोण बसणार?

“पाहून घ्या, भक्तहो! तार नाही, लाईट नाही, काही नाही!” राजकुमार नावाचा चेला डबा चारही बाजूंनी फिरवून दाखवत होता.

डब्यामागे खुद्द नादबाबा बसले होते. कपाळभर शेंदूर, अंगावर पांढरी शाल, मनगटावर चकचकीत घड्याळ.

“आत्मा म्हणजे काय? आत्मा म्हणजे साउंड, बेटा. शरीर जळतं, साउंड जळत नाही. तो फ्रिक्वेन्सी बनून ब्रह्मांडात फिरतो. मी फक्त ट्यूनिंग करतो.”

‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द बाबा असा उच्चारत, की जणू तो वेदातच सापडला होता. मी लाखनीला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. वर्षभर तोच शब्द घोकूनही मुलांच्या चेहऱ्यावर इतका भक्तिभाव मला कधी आणता आला नाही.

बाबांनी डोळे मिटले, चुटकी वाजवली. अंगण गप्प झालं. आणि डबा बोलला.

“माय... गोळ्या नोको.”

अगदी पुढे पदर पसरून बसलेल्या आनंदाबाई, लक्ष्मणरावांच्या पत्नी, डब्याकडे सरकल्या. “आयकून राहिली मी, बापू. नाई घेत मी गोळ्या.”

“मी येतो,” डबा म्हणाला, आणि थांबला.

बाया रडू लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण ती नक्कल नव्हती. तो आवाज मंगेशचाच होता.

मंगेश लक्ष्मणरावांचा थोरला मुलगा. धानाची शेती करायचा आणि मोसमात नाटकांचा साउंड सांभाळायचा. आमची ओळख झाली ती एका वेडापायी. जुने स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओतले मोठे स्पीकर, खोलून पुन्हा जिवंत करायचे, हा आम्हा दोघांचा छंद. साधा स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. मॉनिटर तसं करत नाही. गाणाऱ्याचा श्वास, खुर्चीची करकर, मध्येच कुठे कापून जोडलेलं असेल तर तो जोड, सगळं जसंच्या तसं समोर ठेवतो. त्यासाठीच तो बनवलेला असतो.

नागपूरचा एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा चाळीसेक वर्षांपूर्वीची अशी एक जोडी मंगेशला भंगारात मिळाली. लाकूड वाळवीनं खाल्लेलं, आतली वायरिंग कुजलेली. सुटीच्या दिवशी मी दिघोरीला यायची, नाहीतर तो लाखनीला. लाकडाला पट्ट्या लावल्या, खराब कपॅसिटर बदलले, कागदी भोंग्याभोवतीची सडलेली फोमची कडा काढून नवी चिकटवली. पहिला स्पीकर पूर्ण झाला त्या दिवशी त्यानं आईला समोर बसवून तिचीच रेकॉर्ड केलेली भुलाबाईची गाणी ऐकवली. आनंदाबाई लाजून म्हणाल्या होत्या, “अवो, मी इतकी खोकलते काय मधामधात?”

दुसरा स्पीकर तसाच राहिला. धानाची मळणी आटोपल्यावर मंगेश त्याच्याच कामासाठी लाखनीला येत होता. हायवेवर ट्रकनं उडवलं. तो जागीच गेला.

आणि आता त्यानं जिवंत केलेला तोच स्पीकर नादबाबांचा डबा म्हणून चौरंगावर होता.

मला बोलावलं होतं डिंपलनं, मंगेशच्या बहिणीनं. ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. फोनवर रडत होती. “मॅडम, मायनं बीपीच्या गोळ्या बंद केल्या. दादाच नाई म्हनून राहिला म्हनते. मायं आयकत नाई, त्या नादबाबाचं आयकते. तुमी याना.”

प्रसादासाठी बैठक थांबली तशी मी आत गेले. आनंदाबाई चुलीपाशी डोकं धरून बसल्या होत्या.

“डोकं दुखतं का?”

“दुखते थोडंसं. अंगारा लावला.” त्यांनी पुडी उघडून दाखवली. काळा, भुगा भुगा झालेला अंगारा. चिमूटभर जिभेवरही ठेवला.

मी कोपऱ्यात पाहिलं. दुसरा, न झालेला स्पीकर तिथे माळा घालून ठेवला होता आणि त्याच्या खाली तसलाच काळा भुगा सांडला होता. “डब्ब्यातून आपोआप झरते,” त्या म्हणाल्या. आपोआपच झरत होता. जुना फोम सडला की त्याचा असाच भुगा होतो. हात लावला की गळतो. हे सडकं प्लास्टिक गावोगावची माणसं पुड्या बांधून नेत होती आणि चाटत होती.

“आनंदाबाई, हा अंगारा नाही. आणि गोळ्या बंद करू नका, जिवावर बेतेल.”

“मॅडम, तुमी शिकलेल्या.” त्या शांतपणे म्हणाल्या. “पन मायले पोराचा आवाज वळखू नाई येत काय? तो मायाशी बोलून राहिला. आता तुमचं आयकू का त्याचं?”

 आवाज खरा होता, एवढं मलाही कबूल होतं. पण त्या आवाजामागे काहीतरी होतं. मी डिंपलला घेऊन मागच्या गोठ्याकडे गेले.

“मंगेशचा मोबाईल कुठे आहे?”

“नादबाबानं नेला. आत्म्याच्या शांतीसाठी पूजेत ठेवतो म्हने.”

“त्याचे बोललेले मेसेज तुझ्याकडे असतील?”

“घरच्या ग्रुपवर हायेत ना. रोज पाठवे. तो गेल्यावर मले आयकाले नाई होत म्हनून मी उघडलेच नाई.”

आम्ही दोघी तिथेच कडब्यावर बसून ते ऐकू लागलो. एकेका मेसेजला डिंपल तोंडात ओढणी कोंबत होती. मंगेश हसत होता, बैलाला हाकत होता, आईला चिडवत होता. आणि मग तो एक मेसेज आला. डिंपलनं माझा हात घट्ट धरला.

दुपारची दुसरी बैठक सुरू झाली तेव्हा मी लक्ष्मणरावांच्या शेजारी जाऊन बसले. मुलगा गेल्यापासून हा माणूस फारसा बोलतच नव्हता. मी हळूच म्हटलं, “भाऊ, या खेपेला मंगेशचा आवाज ऐकू नका. त्याच्या मागचा आवाज ऐका.”

 पुढे बाबांनी चुटकी वाजवली.

“माय... गोळ्या नोको.”

लक्ष्मणरावांची मान ताठ झाली.

“पुन्हा,” मी मोठ्यानं म्हटलं. “बाबा, आत्म्याला पुन्हा बोलायला सांगा.”

बाबा खूश झाले. भक्त वाढला असं त्यांना वाटलं असावं. पुन्हा चुटकी, पुन्हा तेच शब्द. शब्दांच्या मागे, अगदी बारीक, एक घरघर होती आणि त्यात पत्रा हलल्यासारखी टणटण. ‘नोको’ संपताक्षणी ती घरघरही कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी संपत होती.

लक्ष्मणराव उठून उभे राहिले. “हे तं आपल्या खळ्यातलं मशीन हाये,” ते म्हणाले. “मळनीचं. यंदा भाड्यानं आनलं होतं, त्याचा पत्रा ढिला होता. मी रातभर त्याच्या बाजूले होतो.” ते बाबांकडे वळले. “बाबाजी, मशीन कोठून आलं? आत्म्यासंगं मशीन बी येते काय?”

गर्दीत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“ही मायेची परीक्षा आहे, बेटा,” बाबा म्हणाले. “ब्रह्मांडात सगळे नाद...”

“ब्रह्मांडात कोनाचं धान निघून राहिलं?”

मी पिशवीतून पेचकस काढला आणि चौरंगाकडे निघाले. राजकुमार आडवा आला. “डब्ब्याले हात लावला त जळून राख होसान!”

“या डब्यात मी कितीदा हात घातलाय, मला मोजता येणार नाही. अजून आहे मी.”

पण मला थांबवलं ते आनंदाबाईंनी. त्यांनी डब्याला मिठीच मारली. “नोका खोलू! मायं लेकरू हाये त्याच्यात. हात जोडते, मॅडम, नोका खोलू.”

माझा हात खाली आला. तर्क मांडायचे असतात, पण अशा मिठीवर कोणता तर्क लावायचा ते कुठे शिकवत नाहीत. मी लक्ष्मणरावांकडे पाहिलं. घर त्यांचं होतं, मुलगाही त्यांचाच.

ते जवळ आले, बायकोला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं, स्वतःच्या छातीशी धरलं आणि म्हणाले, “खोला, मॅडम.”

मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढले. आत आम्ही जोडलेल्या तारा होत्या, आणि त्यांना जोडलेली, आम्ही कधीच न बसवलेली एक वस्तू. काड्यापेटीएवढं ब्लूटूथचं सर्किट, शेजारी टेपनं गुंडाळलेली बॅटरी. निळा दिवा लुकलुकत होता. मी ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दिसेल असं धरलं.

“हा आत्मा. बाजारात कुठेही मिळतो. मोबाईल खिशात ठेवून लांबून बटण दाबलं की डबा बोलतो. बाबांची चुटकी वाजली की राजकुमारचा हात खिशात जातो, मोबाईल त्याच्याकडे आहे.”

सगळ्या माना वळल्या. राजकुमारचा हात सदऱ्याच्या खिशात होता. तो बाहेर काढण्याऐवजी त्यानं पळच काढला. तो लांब गेला तसा सर्किटचा त्याच्या मोबाईलशी संबंध तुटला. मी डिंपलचा मोबाईल त्याला जोडला.

“आता तोच मेसेज पूर्ण ऐका. मंगेशनं खळ्यातून पाठवलेला. जसा आहे तसा.”

डबा बोलला. घरघर, टणटण, आणि मंगेशचा हसरा आवाज.

“माय, गोळ्या नोको इसरू. धान निघून राहिलं, मी येतो सकाळी. डिंपे, मायले आयकव वं.”

मशीन तसंच चालू राहिलं, मग मेसेज संपला. अंगणात कुणी हललं नाही. बाबा “कलियुग, कलियुग” पुटपुटत मागच्या दारानं जीपकडे गेले, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला भान नव्हतं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पुढे पोलिसांना राजकुमार सापडला, मंगेशच्या मोबाईलसकट. बाबांचा शोध चालू आहे असं सांगतात.

आनंदाबाई मात्र त्या वेळी लक्ष्मणरावांच्या छातीशी तशाच उभ्या होत्या.

“म्हंजे त्यानं घे म्हनलं होतं?”

“हो,” मी म्हटलं. “एक शब्द कापला त्यांनी. ‘इसरू’ हा शब्द.”

“अन मी इसरली.” त्या एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुमी खरं केलं, मॅडम. पन माया पोरगा मले दुसऱ्यांदा मेला.”

त्या संध्याकाळी त्यांनी डिंपलच्या हातून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. पण इतके आठवडे वाढत गेलेल्या रक्तदाबानं आत काय करून ठेवलं होतं ते कुणाला दिसलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी त्या विहिरीपाशी कोसळल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं. आठवड्याच्या आत आनंदाबाई गेल्या.

आणि गावात कुजबुज सुरू झाली. डबा खोलला म्हणून कोप झाला. आत्म्याला हात लावला, तो मायला घेऊन गेला. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी ते सर्किट पाहिलं होतं, तेही मान हलवू लागले. खोटं उघडं पाडलं की ते मरतं, असं मला वाटायचं. ते मरत नाही, नवं कारण शोधून परत येतं.

तेरवीच्या दिवशी मी गेले. पंगत बसायची होती. लक्ष्मणराव मांडवात उभे राहिले. आयुष्यात कधी चार माणसांपुढे न बोललेला हा माणूस.

“तुमी काय बोलून राहिले ते मले मालूम हाये,” ते म्हणाले. “कोप झाला म्हनता. कोप नाई झाला. बीपी वाढला. डिंपलच्या मायच्या गोळ्याचं पाकीट देव्हाऱ्यात पडून होतं, मले रोज दिसे. मी काहून नाई बोललो? कारन मले बी पोराचा आवाज पायजे होता. डब्बा बोलून राहिला तोवर पोरगा हाये असं वाटे. तिनं गोळ्या सोडल्या, अन म्या सोडू देल्या.”

 डिंपल उठू लागली तसं त्यांनी तिला हातानं बसवलं.

“दुःखातल्या मानसाले कोनी बी काई बी आयकवते, अन तो आयकते. त्याचा दोष नाई. पन बाकीच्यायनं तरी इचारा, का बा हे कसं होऊन राहिलं? कोन करून राहिलं? इचारल्यानं देव नाई मरत. मानूस वाचते. अन ज्यानं ज्यानं माया घरून अंगारा नेला, गोळ्या सोडल्या, त्यानं आज घरी जाऊन पह्यले त्या चालू करा. हात जोडतो.”

 मग मागच्या ओळीतला एक तरुण शेतकरी पत्रावळीवरून उठला आणि माझ्यापाशी आला. खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मायी माय शुगरवाली हाये. अंगारा चाटते, दवा बंद हाये. आता चालू केली त चालते काय?”

“चालते. पण आधी डॉक्टरांना दाखवू,” मी म्हटलं. “चला, मी येते सोबत.”