मोमिजीच्या डोळ्यांत पाणी

"रडली! अगं बाई, खरंच रडली!" मिनेको किंचाळली, आणि चिचिबूच्या डोंगराखालची ती अख्खी गल्ली शेजारच्या फुमिएबाईंच्या अंगणात घुसली. मधोमध निळ्या कुंडीत मोमिजीचं, म्हणजे जपानी मेपलचं झाड. थंडी सरत आली होती, पानं अजून फुटायची होती, आणि एका उघड्या फांदीच्या टोकावरून पाणी टपकत होतं. टप. टप.

मेलेल्यांशी बोलतो म्हणणाऱ्या गेन्शोबुवांनी पांढरी बाही सावरली, डोळे मिटले. "बाई, तुमचे यजमान आहेत या झाडात. कंठ सुकलाय त्यांचा! मी मंत्रून दिलेली साकेची दारू रोज मुळाशी ओता. पण माती उकरू नका हं. मुळांना हात लागला, की आत्मा गेलाच समजा."

सोय बघा बुवांची! माती उकरायची नाही, म्हणजे आत काय चाललंय ते कुणाला कळायलाच नको.

फुमिएबाईंनी शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेलं. पानं फुटण्याआधी मोमिजीची फांदी कापली की रस गळतो, हे त्यांनीच फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. समोरची निम्मी गल्ली त्या वर्गात बसलेली. बाईंना फांदीवरचा ताजा काप दिसला. बुवांच्या बाहीत काहीतरी चमकलं, तेही दिसलं. आणि बाई गप्प बसल्या. वर हातही जोडले.

झाड सेइजीचं, बाईंच्या नवऱ्याचं. त्यानं रोपापासून वाढवलेलं. तो गेल्यापासून बाई रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीची साके पितरांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायच्या आणि मग तो पेला कुंडीत रिकामा करायच्या. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. बाईंना वाटलं, तहानलंय बिचारं. पेल्यामागून तांब्याभर पाणी गेलं. पानं गळली, तसं आणखी पाणी. आणि आता कुणीतरी छातीठोकपणे सांगत होतं, की तो इथेच आहे, तुमच्यासाठी रडतोय. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. मिनेकोनं सासऱ्याच्या नावाचा पेला आणला, मासळीवाल्यानं थोरल्या भावाच्या नावाचा. "असू द्या हो बाई, सेइजींना सोबत होईल! एकटे किती पिणार?" साके अर्थात बुवांच्याच घरची, विकत घेतलेली. गल्लीतले झाडून सारे मेलेले एका कुंडीत प्यायला बसले, आणि अंगणाला गुत्त्याचा वास यायला लागला.

एका सकाळी बाईंनी कळी चिमटीत धरली. काळी, लिबलिबीत. वरची फांदी नखानं खरवडली, तर आत तपकिरी. खालची एकच फांदी तेवढी हिरवी होती. सेइजीचं झाड मरत होतं, आणि मारत होत्या त्याच.

त्या दुपारी बुवा आले, गल्ली जमली. बाई कात्री घेऊन बाहेर आल्या.

"मिनेको, तुझ्या दारातली मोमिजी आण बरं."

मिनेकोनं कुंडी आणली. बाईंनी एक डहाळी छाटली. टप. टप.

"सांगा बुवा, हिच्यात कोण आहे?"

"अगं बाई!" मिनेको घाबरली. "आमचे हे तर आत्ता घरात जेवताहेत!"

सगळे खो खो हसले. बुवा लालेलाल झाले. "अपवित्र हात! आत्मा कोपेल!"

"कोपू दे. त्याचा कोप मी जन्मभर सांभाळलाय. तुम्ही जरा बाही झटका."

बुवा मागे सरकले. मासळीवाल्यानं बाही धरली, तशी बोटाएवढी सुरी खणकन फरशीवर पडली.

मग बाईंनी सेइजीची निळी कुंडी आडवी करून झाड ओढून काढलं. भपकन घाण सुटली. मुळं काळी पडून कुजलेली, कुंडीचं भोक गाळानं बुजलेलं.

"याला तहान नव्हती. हे बुडत होतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, म्हणून पानं करपतात. मी त्याला तहान समजले आणि आणखी ओतत राहिले."

"पण बाई," मिनेको हळूच म्हणाली, "हे तर तुम्हीच शिकवलं होतंत आम्हाला."

बाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. मान वर होईना.

"हो. काप मला पहिल्याच दिवशी दिसला होता. अडाणी असते तर निदान सबब तरी होती. तो माझ्यासाठी रडतोय असं कुणीतरी म्हणावं, एवढंच हवं होतं मला. त्यापायी तुम्हा सगळ्यांना फसू दिलं. लाज वाटते गं मला."

आणि सगळ्यांपुढे त्या कमरेतून वाकल्या, त्या उठेचनात. शेवटी मिनेकोनं खांदे धरून त्यांना उभं केलं. तोवर बुवांनी पोबारा केला होता.

कुजकी मुळं छाटली. भोक मोकळं केलं, भरड माती भरली, कुंडी सावलीत ठेवली. वसंतात त्या एका फांदीला पानं आली. बाकीच्या वाळक्या फांद्या बाईंनी आपल्या हातानं कापल्या, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सेइजीचा पेला अजून संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे ठेवतात. मग बाई तो स्वतःच पितात. कुणी नव्या चमत्काराची बातमी घेऊन आलं, की त्या त्याला कुंडीपाशी नेतात.

"माती ओली आहे का कोरडी, बोट घालून बघ," म्हणतात. "मी आधी हात जोडले होते. तू आधी बोट घाल."