किसनरावांचं मशीन

केयूर पिंजरकर अमरावतीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचा. त्याला दोनच नाद होते. एक गाणं ऐकण्याचा आणि दुसरा, ज्यातून ते ऐकायचं ती यंत्रं उघडून बसण्याचा. दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर त्याला एका वापरलेल्या ॲम्प्लिफायरची जाहिरात दिसली. एवढं चांगलं मशीन आपल्या भागात विकायला निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो त्याच दिवशी अकोल्याला गेला.

विकणाऱ्याचं नाव नितेश. गोरक्षण रोडवर त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं, पाटीवर वडिलांचं, किसनरावांचं नाव. मशीन दुकानातच, खताच्या पोत्यांवर ठेवलेलं होतं.

"बाबांचं होय," नितेश म्हणाला. "आमी हिवरखेडचे. बाबा शेती पाहत आन संध्याकाळी हे घेऊन बसत. गावच्या मंडळाची खंजिरी भजनं रेकॉर्ड करून आनली होती त्यायनं, तेच ऐकत. ते गेले, आता घरात ऐकनारं कोनी नाई."

केयूरने ते गाडीत घालून घरी आणलं.

मशीन सुस्थितीत होतं, पण आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, फार जुना होता. पुढच्या रविवारी दुपारी त्याने कंपनीच्या वेबसाइटवरून नवीन फर्मवेअर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि अपडेट लावलं. अर्ध्यात वीज गेली तर मशीनचा दगड होतो, म्हणून इन्व्हर्टरवर जोडून तो समोर बसून राहिला. त्याची बायको अश्लेषा वकिली करायची. तिच्या फायली जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या होत्या.

"अरे, बाळंतपण चाललंय का आत?" तिने मान वर न करता विचारलं.

"जवळजवळ."

अपडेट नीट पार पडलं. जुनी सगळी सेटिंग पुसली गेल्याची ओळ पडद्यावर आली आणि केयूरने नव्याने मांडणी केली. स्पीकर बसण्याच्या जागेपासून किती लांब आहेत ते भरलं, खर्ज जरा कमी केला, बॅलन्स शून्यावर ठेवला. बॅलन्स म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरला आवाज कसा वाटून द्यायचा ते. शून्यावर असला की दोन्हीकडे सारखा, आणि गाणारा समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्ये बसून गातोय असं वाटतं. केयूरने एका गायिकेचा मारवा राग लावला. बाई मध्यभागी बसून गायल्या. तो तृप्त झाला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर त्याने तेच रेकॉर्डिंग लावलं, तर बाई डावीकडे सरकलेल्या. फार नाही, हातभर, खिडकीच्या बाजूला. त्याने सेटिंग उघडलं. बॅलन्स डावीकडे दोन घरं गेला होता.

"तू हात लावलास?" त्याने अश्लेषाला विचारलं.

"मला ते चालूसुद्धा करता येत नाही."

त्याने शून्य केलं. दोन दिवसांनी पुन्हा डावीकडे, या वेळी तीन. नव्या फर्मवेअरमध्येच घोळ असणार असं त्याने धरलं, आणि शिकवणाऱ्या माणसाला शोभेल अशा रीतीने एकेक शक्यता कापत गेला. मशीनचं वायफाय बंद केलं. रिमोटमधले सेल काढून खिशात ठेवले. पुढची दोन बटणं एकदम दाबून मशीन पार कोरं केलं, जसं कारखान्यातून निघतं तसं. बॅलन्स सरकतच राहिला. नेहमी डावीकडे आणि दर वेळी मागच्यापेक्षा थोडा जास्त. त्याने कंपनीला मेल केला. असा दोष आजवर कुणी कळवलेला नाही, असं सभ्य उत्तर आलं.

शेवटी त्याने नितेशला फोन लावला.

"हो जी, बाबा पन हेच म्हनत," नितेश म्हणाला. "मशीन डावीकडे ओढते म्हने. आमाले वाटे म्हातारपन होय."

"त्यांनी कधी अपडेट केलं होतं का?"

"बाबांले ते कुठं जमते सर? आनलं तसंच होतं ते."

केयूर फोन ठेवून बराच वेळ मशीनकडे पाहत बसला. जुन्या फर्मवेअरमध्येही हेच होत असेल तर दोष फर्मवेअरचा नव्हता. मग कशाचा होता? नितेशशी बोलल्यावर एवढं मात्र झालं की संध्याकाळी एकटं असताना ते चालू करायला त्याला नको वाटू लागलं. अश्लेषा घरी आली की तो चालू करायचा. कारण तिला सांगायचा नाही.

त्यानंतर एक संध्याकाळ अशी आली की त्याचा सगळा त्रास मिटला. दिवसभर डोकं जड होतं, कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं वाटत होतं. सर्दी असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नव्हतं. त्याने मारवा लावला आणि बाई बरोबर मध्ये आल्या. हललेल्या नाहीत, कलंडलेल्या नाहीत. किती दिवसांनी असं ऐकायला मिळत होतं. त्याने डोळे मिटले.

अश्लेषा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"एकाच बाजूने का वाजवतोयस?"

"एकाच कुठे? मध्ये तर आहे."

"केयूर, उजवा स्पीकर जवळजवळ बंद आहे. सगळं त्या खिडकीकडून येतंय."

त्याने डोळे उघडले. उठून सेटिंग पाहिलं. बॅलन्स डावीकडे इतका गेला होता की त्यापुढे फारशी जागा उरली नव्हती. त्याने हळूहळू तो शून्यावर आणला, आणि बाई घसरत घसरत उजव्या भिंतीला जाऊन टेकल्या.

"आता?" त्याने विचारलं.

"आता मध्ये," अश्लेषा म्हणाली.

त्याने बोटाने उजवा कान बंद केला. खोली कुठेतरी लांब गेली. अश्लेषाचे ओठ हलत होते, पण शब्द गोधडीखालून यावेत तसे येत होते. ती आपल्याला काय विचारतेय हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच समजलं.

ती त्याला तशीच गाडीत घालून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणी झाली. डाव्या कानाची नस अचानक कमजोर पडली होती. का, ते सांगता येत नाही, असं कुणालाही होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या, कानात इंजेक्शनं द्यावी लागतील असंही सांगितलं.

"हे काल-परवा सुरू झालं असणार," ते म्हणाले. "नशीब चांगलं तुमचं. लोक कान भरलाय, मळ साचलाय म्हणून महिनाभर तेल घालत बसतात, मग येतात. तेव्हा आमच्या हातात काही नसतं. तुमच्या इतक्या लवकर कसं लक्षात आलं?"

"गाणं ऐकताना," केयूरने सांगितलं. काल-परवा सुरू झालं, हे शब्द तो मनात घोळवत होता. मशीन डावीकडे झुकायला लागलं त्याला कितीतरी आठवडे झाले होते. तेव्हा त्याचे दोन्ही कान ठणठणीत होते.

उपचारांनी कान बराचसा परत आला. बारीक शिट्टी राहिली, ती राहणारच होती. त्या काळात मशीन बंद होतं. केयूरने त्याची वायर काढून ठेवली होती, आणि अश्लेषाने वर चादर टाकली होती.

"परत देऊन टाकू," एक दिवस ती म्हणाली. "पैसे नकोत. फक्त ते ज्यांचं आहे त्यांना देऊ."

रविवारी ते दोघं अकोल्याला नितेशच्या घरी गेले. नितेश दुकानात होता. दार त्याच्या आईने उघडलं. आशाबाई ठेंगण्या, काटक होत्या, नऊवारी नेसलेल्या. केयूरच्या हातातलं मशीन पाहून त्या बाजूला झाल्या आणि आत या म्हणाल्याच नाहीत, नुसतं दार धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कान काय?"

 त्याने मान हलवली.

"डावाच ना? या, बसा. पोरी, तूबी बस."

त्यांनी पाणी दिलं आणि खाली भिंतीला टेकून बसल्या.

"यायचाबी डावाच गेला," त्या समोरच्या भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या. "मशीन रोज डावीकडे जाय आन हे रोज मधात आनत. भांडन लागल्यावानी. मी म्हनो, काहून एवढे मांगं लागता त्याच्या. एक दिवस म्हने, आशा, आज बरोबर झालं, सुधरलं मशीन. लय खूश होते. आमाले काय समजते? दोन-तीन महिने गेले मंग कळलं का त्या कानानं काहीच ऐकू येत नाई. डॉक्टर म्हने, उशीर केला."

"मी लवकर गेलो," केयूर म्हणाला. "म्हणून वाचला."

"बरं झालं." त्यांनी पाण्याचे रिकामे पेले बाजूला सारले. "मंग दुसरं सुरू झालं. त्यात ते आपोआप बंद व्हायचं असते ना जी, झोपेसाठी?"

"स्लीप टायमर."

"तेच. हे कधी लावत नसत. बसल्या बसल्या मशीन बंद पडे. आधी दोन भजनं होऊन जात, मंग एकच होय, मंग एकबी पुरं नाई. त्यायले समजलं होतं, मास्तर. मले बोलले नाईत. पन वावराचं, घराचं, सगळं आवरून घेतलं त्या दिवसांत. माह्याशी कधी नाई इतकं बोलले. एक दिवस ते बटन दाबलं आन लागल्याबरोबर बंद झालं. दुसऱ्या दिवशी गेले, सकाळी, चहा पेता पेता."

अश्लेषाने केयूरचा हात धरला. बाहेर कुणीतरी ॲक्टिवा चालू करत होतं, ती होत नव्हती.

"मी नितेशले म्हटलं होतं, विकू नको. तो म्हने, आई, तू खुळी झाली." आशाबाई उठल्या. "लावून देता काय मले?"

"कशाला आई?" अश्लेषा म्हणाली.

"पाहू द्या. प्रणालीचं लग्न जमलं आहे, नातीचं. नितेश म्हनते पुढच्या दिवाळीनंतर करू, पैशाची सोय होईल. मले माहीत पाहिजे."

केयूरने अश्लेषाकडे पाहिलं. ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं, पण तिने वायरींची पिशवी त्याच्या हातात दिली. नितेशने वडिलांचे स्पीकर विकले नव्हते, ते कोपऱ्यात उभे होते. केयूरने वायरी जोडल्या. आशाबाईंनी भजनांचा पेन ड्राइव्ह देवघरातून आणून दिला. समोर खुर्ची ठेवून त्या बसल्या, आणि केयूर-अश्लेषाला त्यांनी दाराशी उभं केलं, मशीनपुढे फक्त मीच पाहिजे म्हणाल्या.

खंजिरी वाजू लागली. पुरुषांचे भरड आवाज, मागे कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा. आशाबाई ताठ बसून ऐकत होत्या. भजन संपलं, दुसरं सुरू झालं, आणि अर्ध्या ओळीवर मशीन बंद पडलं. वीज होती, पंखा फिरत होता.

केयूरने पुढे होऊन ते चालू केलं, सेटिंग उघडलं. भजन लावायच्या आधी त्याने स्वतःच्या हाताने ते सगळं कोरं केलं होतं. टायमर चालू होता. समोर मिनिटांचा आकडा होता. तो पाहून त्याने पडदा अंगाने झाकला.

"बंद आहे, आई," तो म्हणाला. "टायमर लागलेला नाही. वायर सैल झाली असेल."

आशाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"चांगले आहा तुमी," त्या म्हणाल्या. "मशीन इथंच राहू द्या. जेवून जा आता."

त्यांनी खरंच जेवायला वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना त्या अश्लेषाला कोर्टातल्या गोष्टी विचारत होत्या आणि हसत होत्या. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं.

"आकडा किती होता?" अश्लेषाने विचारलं.

केयूरने सांगितलं. "दिवाळी फार लांब आहे," ती म्हणाली.

प्रणालीचं लग्न दिवाळीपर्यंत थांबलं नाही, माघातच झालं. आशाबाईंनी हट्टच धरला, असं नितेश आमंत्रण देताना फोनवर कुरकुरला. दोघं लग्नाला गेले. आशाबाई मांडवात पहिल्या रांगेत बसल्या होत्या. जेवायला उठवायला आलेल्या प्रत्येकाला त्या परत पाठवत होत्या, मले इथूनच दिसते म्हणून. केयूर भेटला तेव्हा त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, कान कसा आहे विचारलं, आणि मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यानेही काढला नाही.

वैशाखात नितेशचा फोन आला. आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही, त्रास काहीच झाला नाही.

"सर, एक सांगू?" तो म्हणाला. "ते मशीन. आईनं लग्न झाल्याबरोबर मले गाडी करायले लावली, हिवरखेडले नेलं आन वावरात बाबांच्या समाधीपाशी खड्डा करून पुरून टाकलं. सोता उभी राहून. माती लोटेपर्यंत हलली नाई तिथून. एवढं महागाचं मशीन. मले इचारलं असतं तर तुमालेच आनून देल्लं असतं."

केयूर म्हणाला, त्यांनी केलं ते बरोबर केलं. मग दुखवट्याला कधी येऊ ते विचारून त्याने फोन ठेवला. अश्लेषा दारात उभी होती. त्याने तिला आशाबाई गेल्याचं सांगितलं, आणि मशीनचंही. ती शेजारी येऊन बसली. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि त्याबरोबरच अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं होतं. ते मशीन आता कुणाच्याच घरात नव्हतं, आपल्याही नव्हतं. हे दुसरं वाटणं त्याने तिला सांगितलं नाही, पण तिनेही तेव्हाच एक लांब श्वास सोडला.